पोटरीतला गोळा आणि कॅल्शियमची गोळी

«सप्रेम नमस्कार. मी करी रोडला राहते, वय ५३. घरचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे साडेचारपासून दुपारी दोनपर्यंत तव्यापुढे उभी असते. गेलं वर्षभर रात्री पोटरीत गोळे येतात, आठवड्यातून तीन-चारदा. ओरडतच जाग येते. पाळी गेल्यावर डॉक्टरांनी हाडांसाठी कॅल्शियम लिहून दिलं, ५०० च्या दोन गोळ्या. विसरायला नको म्हणून पहाटे थायरॉइडच्या गोळीबरोबरच दोन्ही घेऊन टाकायचे. शेजारच्या वहिनी म्हणतात, स्नायूतलं कॅल्शियम झिजलंय, तिसरी गोळी सुरू कर. मुलगा अकरावी सायन्सला आहे. तो पुस्तक उघडून दाखवतो की कॅल्शियममुळेच स्नायू आखडतो, म्हणजे मी गोळ्या घेऊन गोळे ओढवून घेतेय. घाबरून पंधरा दिवस झाले, कॅल्शियम बंद केलंय. गोळे आहेत तसेच आहेत. रक्तातलं कॅल्शियम तपासलं, ९.४ आलं. आता खरं कोणाचं धरू?»

ताई,

नमस्कार. तुमचं पत्र वाचलं आणि मला माझी आई आठवली. गिरगावच्या आमच्या खोलीत रात्री-अपरात्री तिला वांब यायचा. ती उठून शहाबादी फरशीवर अनवाणी उभी राहायची, भिंतीला दोन्ही हात टेकून. फरशीच्या गारव्यानं तिला बरं वाटतं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. पुढे तीस वर्षं मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं तेव्हा समजलं की गुण गारव्याचा नव्हता, टाच टेकून उभं राहण्याचा होता. ते कसं, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलानं पुस्तकातलं वाक्य बरोबर वाचलंय, त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकलाय. वहिनींचा अंदाज तर मुळातच चुकलाय. स्नायूला आखडवणारं कॅल्शियम वेगळ्या साठ्यातलं असतं. तुमच्या गोळीनं ते वाढत नाही आणि गोळी बंद केल्यानं कमीही होत नाही. कॅल्शियम बंद करू नका, पण पहाटे घेऊही नका. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्याशी मी थबकले ते या दोघांपैकी कोणाचंच नाही. ‘विसरायला नको म्हणून थायरॉइडच्या गोळीबरोबरच’ हे ते वाक्य. त्याच्याकडे येण्याआधी स्नायूत कॅल्शियमची ये-जा कशी चालते ते सांगायला हवं, नाहीतर त्या वाक्याचं महत्त्व तुम्हाला पटणार नाही.

चाळीत राहिलेल्या माणसाला हे समजावायला फळा लागत नाही. नळाला पाणी ठरल्या वेळी येतं. त्या वेळात पिंप भरून ठेवायचं आणि दिवसभर त्यातलं वापरायचं. दुपारी नळ कोरडा असला तरी घरातलं काम अडत नाही. तुमच्या पोटरीतल्या प्रत्येक स्नायूतंतूत असंच एक पिंप आहे. आकार मात्र पिंपासारखा नाही. स्नायूच्या बारीक धाग्यांभोवती विणलेली ती जाळीदार पिशवी असते. मुलाच्या पुस्तकात तिचं नाव सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम असं असेल. तिच्यात कॅल्शियम ठासून भरलेलं असतं. कॅल्सिक्वेस्ट्रिन नावाचं एक प्रथिन ते आत धरून ठेवतं. तंतूच्या बाहेर, रक्तात आणि ऊतींमधल्या पाण्यात, तिथेही कॅल्शियम भरपूर. या दोहोंच्या मध्ये, जिथे आखडणारे धागे असतात त्या रसात मात्र ते जवळजवळ नसतंच. बाहेरच्या मानानं साधारण दहा हजार पट कमी. पिंप भरलेलं, नळाला पाणी आणि मधली फरशी कोरडी ठणठणीत. ती कोरडी राखण्यासाठी पेशी रात्रंदिवस राबत असते.

आता तुम्ही पोळी उलटायला हात उचलता तेव्हा काय होतं ते पाहा. मेंदूचा निरोप नसेमार्फत स्नायूपर्यंत येतो आणि विजेच्या लहरीसारखा तंतूच्या पृष्ठभागावर पसरतो. पृष्ठभागावरून आत खोल जाणाऱ्या अतिशय बारीक नळ्या असतात, त्यांतून तो आत उतरतो. या नळ्या आणि ती जाळीदार पिशवी जिथे एकमेकींना खेटतात, तिथे नळीच्या बाजूला निरोप ओळखणारं एक प्रथिन असतं आणि पिशवीच्या बाजूला दार. दाराचं नाव रायनोडिन रिसेप्टर. निरोप आला की नळीतलं प्रथिन किंचित हलतं आणि त्या हालचालीनंच दार उघडतं. कडी ओढावी आणि दार उघडावं, इतकं ते थेट आहे. काही सहस्रांश सेकंदात कॅल्शियम रसात सांडतं. धाग्यांवर ट्रोपोनिन नावाचं प्रथिन पहाऱ्याला बसलेलं असतं, त्याला ते चिकटतं. पहारा बाजूला सरकतो, धागे एकमेकांवरून सरकू लागतात आणि स्नायू आखडतो. मुलाच्या पुस्तकातलं वाक्य ते हेच.

पुस्तकात खरं तर याच्या पुढचं वाक्यही असतं. परीक्षेला कमी विचारतात म्हणून मुलं ते वाचत नाहीत. स्नायू सैल पडायचा तर सांडलेलं ते सगळं कॅल्शियम परत पिशवीत भरायला लागतं. आणि इथे पिंपाची उपमा थोडी अपुरी पडते. आपण वापरलेलं पाणी मोरीत जातं. स्नायू मात्र थेंबही वाया न घालवता तेच कॅल्शियम गोळा करून परत भरतो. पिशवीच्या भिंतीवर त्यासाठी पंप बसवलेले असतात, त्यांना सर्का म्हणतात. एटीपीचा एक रेणू खर्च करून सर्का कॅल्शियमचे दोन कण आत ओढतो. एटीपी म्हणजे पेशीतला रोख पैसा समजा.

गणपतीत लालबागला ताशा ऐकता ना? ताशेवाल्याच्या मनगटाकडे नीट पाहा. काडी पडते, उठते, पुन्हा पडते, आणि हे एका सेकंदात कितीदा होतं ते मोजताही येत नाही. दर वेळी काडी उठण्याआधी मघाचे स्नायू सैल पडलेले असावे लागतात, म्हणजे सांडलेलं कॅल्शियम परत आत गेलेलं असावं लागतं. जलद तंतूंमध्ये हे काम सेकंदाच्या काही शतांश भागात उरकतं. पंप ढिला पडला तर ताशा घोटाळेल.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. स्नायू सैल पडतो तेव्हा तो विसावला असं आपल्याला वाटतं, पण त्यालाही कष्ट पडतात. कॅल्शियम बाहेर येतं ते उतारावरून, आपोआप. आत जातं ते चढावर, पैसे मोजून. पैसे संपले की काय होतं हे मासळी बाजारात रोज दिसतं. ताजा बांगडा डोक्याकडून आडवा धरला की शेपटीपर्यंत ताठ राहतो. मासा मेल्यावर एटीपी संपतं, पंप थांबतात, कॅल्शियम झिरपत रसात येतं आणि धागे एकमेकांना धरतात. एकमेकांना सोडायलाही त्यांना एटीपीच लागतं, म्हणून ते तसेच अडकून राहतात. पुढे प्रथिनं मोडू लागली की बांगडा लुळा पडतो, मग आपण त्याला शिळा म्हणतो. कोळणी ताजेपणा ओळखतात तो असा.

वहिनींच्या ‘झिजलंय’बद्दल थोडं. एकच कॅल्शियम आत-बाहेर फिरत राहतं, त्यामुळे हात-पाय हलवून ते झिजत नाही. तंतूच्या बाहेरही थोडं जातं आणि बाहेरून थोडं आतही येतं. पिशवी रिकामी होऊ लागली तर बाहेरच्या पडद्यावर वेगळी दारं उघडतात आणि भरपाई होते. दिवसभर उभं राहून पोटरी दमते तेव्हाही आतलं कॅल्शियम संपलेलं नसतं. कामात तयार झालेलं फॉस्फेट पिशवीत शिरतं, कॅल्शियमशी जुळून बसतं आणि दार उघडल्यावर कमी कॅल्शियम सुटतं. थोडा वेळ बसलात की हे फॉस्फेट मोकळं होतं. तिसऱ्या गोळीचा इथे काहीच उपयोग नाही.

हे आम्हाला कशावरून कळलं, असं तुमचा मुलगा विचारेलच, आणि त्यानं विचारावंच. गोष्ट लंडनच्या नळापासून सुरू होते. १८८० च्या सुमारास सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून किती वेळ धडधडतं ते पाहत होते. हृदय छान चालत राहिलं. मग लक्षात आलं की पाणी शुद्ध नव्हतं, नळाचं होतं. शुद्ध पाण्यात मीठ घालून प्रयोग केला तर ठोके मंदावत जाऊन थांबले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं आणि ते बाहेरून मिळाल्याशिवाय हृदय चालत नव्हतं. १८८३ मध्ये त्यांनी हे छापलं, आपली आधीची समजूत चुकली होती हे मान्य करून. आजही सलाइनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं, ते रिंगर हेच.

हातापायाचा स्नायू मात्र वेगळा निघाला. १९७२ मध्ये आर्मस्ट्राँग, बेझानिया आणि होरोविच या तिघांनी बेडकाच्या स्नायूचा एक तंतू अशा द्रावात ठेवला की बाहेर कॅल्शियम जवळजवळ शून्य. विजेचा झटका दिला की तंतू आखडत होता, सैल पडत होता, आणि हे बराच वेळ चालू राहिलं. हृदय नळावर जगतं, पोटरी पिंपावर. त्याच्या बरंच आधी, १९४७ मध्ये, अमेरिकेत हाइलब्रन आणि विएरचिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायूतंतूत वेगवेगळे क्षार सोडून पाहिले होते. सोडियमनं, पोटॅशियमनं, मॅग्नेशियमनं काही झालं नाही, कॅल्शियमनं मात्र तंतू आखडला. कॅल्शियम नेमकं कुठे चिकटतं हे मात्र १९६० च्या दशकात कळलं. टोकियोचे सेत्सुरो एबाशी यांनी ट्रोपोनिन शोधून काढलं तेव्हा. अर्धी दुनिया तोवर त्यांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हती, कारण इतका साधा क्षार इतकं मोठं काम कसा करेल, असं लोकांना वाटे.

मग रक्तातलं कॅल्शियम पोटरीच्या कामाचं नाही का? आहे, पण आडमार्गानं. ते नसांना आवरून धरतं. रक्तातलं मोकळं कॅल्शियम खूप घसरलं की नसा हुळहुळ्या होतात आणि कोणी काही न सांगता निरोप पाठवायला लागतात. स्नायू बिचारा प्रामाणिक, निरोप आला की आखडतो. त्याच्या पिंपात कॅल्शियम असतंच. म्हणूनच कॅल्शियम कमी झालेला माणूस लुळा पडत नाही, उलट आखडतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येकाला हे उलटं वाटतं. मलाही वाटलं होतं.

असा खरा रुग्ण एकदा पाहिला की विसरत नाही. रक्तदाब मोजायचा पट्टा दंडाला बांधून, फुगवून तीन मिनिटं ठेवला की मनगट आत वळतं, बोटं सरळ आणि एकमेकांना जुळलेली, अंगठा तळव्याकडे. घास उचलायला आपण बोटं जुळवतो ना, तसा हात होतो, पण तो माणसाला सोडवता येत नाही. सोबत ओठांभोवती मुंग्या आणि बोटांच्या टोकांना झिणझिण्या. तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही. तुमचं ९.४ हेही साधारण ८.५ ते १०.५ या नेहमीच्या पट्ट्यात नीट बसतं. तेव्हा तुमचे गोळे रक्तातलं कॅल्शियम कमी झाल्यामुळे नाहीत.

या आकड्याबद्दल एक सांगून ठेवते, कारण यावरून घरोघरी गैरसमज होतात. रिपोर्टमधलं कॅल्शियम हे एकूण असतं. त्यातलं जवळपास निम्मं रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला आणि इतर गोष्टींना चिकटलेलं असतं, मोकळं असतं ते उरलेलं, आणि नसांना मोकळ्याशीच कर्तव्य. आमच्या कॉलेजात तोंडी परीक्षेच्या आधी एक मुलगी बाकावर बसल्या बसल्या भरभर श्वास घ्यायला लागली, आणि पाच मिनिटांत तिचे दोन्ही हात वर सांगितले तसे वळले. सगळे कॅल्शियमचं इंजेक्शन शोधायला धावले. खरं म्हणजे जोरजोरात श्वास घेतल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, रक्त थोडं अल्कलीकडे झुकतं आणि अल्ब्युमिन जास्त कॅल्शियम पकडून ठेवतं. एकूण तेवढंच, मोकळं कमी. तिच्या पाठीवरून हात फिरवत, तिच्याबरोबर सावकाश श्वास घेत मी बसले आणि हात हळूहळू उघडले. इंजेक्शन लागलं नाही.

आता रात्री तुमच्या पोटरीत येणाऱ्या गोळ्यांबद्दल. या साध्या गोळ्यांचं मूळही बहुतेक करून नसेतच असतं. झोपेत आपली पावलं खाली झुकलेली असतात, पोटरी आखूड झालेली असते, आणि दिवसभर उभं राहून ती आधीच थकलेली. अशा वेळी तिच्याकडे येणारी नस अचानक निरोपांची सरबत्ती सुरू करते. पंप कॅल्शियम आत ओढतोय तोवर पुढचा निरोप दार उघडतो. पोटरीचा दगड होतो तो असा. कॅल्शियम कमीही नाही, जास्तही नाही. दार मिटायला उसंतच मिळत नाही.

आई फरशीवर उभी राहायची ते इथे जुळतं. टाच टेकून उभं राहिलं की पोटरीला ताण बसतो. त्या ताणाची खबर स्नायूच्या टोकाला असलेल्या कंडरेतून पाठीच्या कण्यात जाते आणि तिथून नसेला आवर बसतो, असं मानलं जातं. तुम्हीही तेच करा. गोळा आला की पोटरी दाबत, चोळत बसू नका. आधी पायाची बोटं हातानं धरून नडगीकडे ओढा, गुडघा सरळ ठेवून. उठता आलं तर भिंतीला हात टेकून टाच जमिनीला लावा. अर्ध्या मिनिटात सुटायला लागतो. मग खुशाल खोबरेल लावा.

झोपण्यापूर्वीही हाच ताण द्या. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहायचं, एक पाय मागे, टाच टेकलेली, अर्धं मिनिट. दोन्ही पायांना तीन-तीनदा. काहींना यानं चांगला फरक पडतो, काहींना पडत नाही, पण अपाय काही नाही. तव्यापुढे पायाखाली वीतभर उंचीचा पाट ठेवा आणि एकेक पाय आळीपाळीनं त्यावर टेकत जा. तासाभरानं पाच मिनिटं बसा, पोळ्यांच्या गर्दीतही. मला माहीत आहे की साडेसातला डबे निघायचे असतात. तरी बसा.

मॅग्नेशियमच्या पुड्यांची जाहिरात सगळीकडे दिसते. पोटरीत येणाऱ्या साध्या गोळ्यांवर त्यांचा म्हणावा तसा उपयोग दिसलेला नाही, तेव्हा त्यात पैसे घालू नका. आणि कोणी क्विनाइन, म्हणजे मलेरियावरचं जुनं औषध, सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. पोटरीतल्या गोळ्यांसाठी ते पूर्वी देत असत, पण त्यानं रक्तातल्या पेशी आणि हृदयाची लय यांवर गंभीर परिणाम होऊ शकतात.

आता त्या वाक्याकडे येते. ताई, कॅल्शियम आणि थायरॉइडची गोळी पोटात एकत्र पडली की कॅल्शियम त्या औषधाला धरून बसतं आणि ते अंगात पुरतं उतरत नाही. दोन्हींत निदान चार तासांचं अंतर हवं. तुम्ही किती महिने दोन्ही एकत्र घेत होतात ते लिहिलेलं नाही, पण गोळे वर्षभर आहेत आणि कॅल्शियमही पाळी गेल्यापासून आहे. तेव्हा शक्यता अशी की तुम्ही थायरॉइडची गोळी रोज नेमानं घेत होतात आणि ती अर्धीमुर्धीच लागू पडत होती.

थायरॉइड कमी पडलं की स्नायू दुखतात, जड होतात, गोळेही येतात. यामागे तोच पंप आहे. सर्का पंप पुरेसे तयार व्हायला थायरॉइडचं संप्रेरक लागतं. ते कमी असलं की पंपांची संख्या घटते आणि सांडलेलं कॅल्शियम आत जायला वेळ लागतो. आम्ही विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी दाखवायचो. रुग्णाला खुर्चीवर गुडघे टेकून बसवायचं, पावलं मागे लोंबती, आणि टाचेच्या वरच्या जाड कंडरेवर रबरी हातोडी हलकेच मारायची. तुमच्या-माझ्या पायाला झटका बसतो आणि पाऊल लगेच जागेवर येतं. थायरॉइड फार कमी असलेल्या बाईचं पाऊल झटक्यानं खाली जायचं आणि मग सावकाश, तरंगत परत यायचं. सगळी मुलं गप्प होऊन बघायची. पिशवीत परत जाणारं कॅल्शियम सुईच्या टोकाहून लाखो पटींनी लहान, आणि त्याचा वेग असा उघड्या डोळ्यांनी दिसतो.

म्हणजे तुमच्या मुलाच्या शंकेत थोडं तथ्य निघू शकतं, पण वेगळ्या वाटेनं. कॅल्शियमची गोळी पोटरीत जाऊन तिला आखडवत नाही. चुकीच्या वेळी घेतल्यानं ती थायरॉइडची गोळी अडवू शकते, आणि त्यानं पंप मंदावू शकतो. तुमच्या बाबतीत असंच झालं आहे, असं मी इथे बसून म्हणणार नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइड पुरेसं पडतंय का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, केल्याशिवाय ते ठरत नाही. कॅल्शियम बंद करून पंधराच दिवस झालेत, आणि थायरॉइडच्या बदलाला रक्तात स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून ‘बंद केलं तरी गोळे तसेच’ यावरून कोणताही निष्कर्ष काढू नका.

तेव्हा असं करा. थायरॉइडची गोळी पहाटे उठल्याबरोबर, नुसत्या पाण्याबरोबर, चहाच्या आधी निदान अर्धा तास. कॅल्शियमची एक गोळी दुपारच्या जेवणाबरोबर, दुसरी रात्रीच्या. दोन एकदम घेतल्या तर शरीर त्यातलं कमी शोषून घेतं, आणि कॅल्शियम कार्बोनेट असेल तर ते अन्नाबरोबरच चांगलं जिरतं. लोहाची गोळी असेल तर तीही कॅल्शियमपासून लांब ठेवा. थायरॉइडचा डोस स्वतःहून वाढवू नका. आत्ता एकदा टीएसएच, आणि वेळा बदलल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा. डॉक्टरांनी सांगितलं तर डी जीवनसत्त्वही पाहा, ते कमी असलं तर कॅल्शियम आतड्यातून नीट घेतलं जात नाही.

एक खुलासा मात्र हवा. तुमचं थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल तर कॅल्शियम एक दिवसही स्वतःहून बंद करायचं नाही, कारण त्या ऑपरेशनात शेजारच्या पॅराथायरॉइड ग्रंथींना धक्का बसू शकतो आणि मग रक्तातलं कॅल्शियम खरोखर घसरतं. पत्रात उल्लेख नाही, म्हणून झालेलं नसावं असं धरते. झालं असेल तर डॉक्टरांना आजच फोन करा.

हाडांसाठी कॅल्शियम का, असं मनात येत असेल तर सांगते. अंगातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं, मोठ्या माणसात साधारण किलोभर. रक्तातला आकडा घसरू लागला की शरीर हाडांतून काढून तो सावरतं. म्हणून रक्तात ९.४ असलं तरी हाडं भक्कम आहेत असं होत नाही, आणि पाळी गेल्यावर हाडांतून जाण्याचा वेग वाढतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीत मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम आणि पाळी गेलेल्या स्त्रीला १२०० मिलिग्रॅम सांगितलं आहे. यातलं जितकं ताटातून येईल तितकं चांगलं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पेलाभर दुधात अडीचशेच्या जवळपास. मांदेली काट्यासकट खाल्ली तर तीही मोजायची. तुम्ही दिवसभर दुसऱ्यांसाठी पोळ्या लाटता. दुपारी स्वतःसाठी एक नाचणीची भाकरी थापा, सोबत वाटीभर दही आणि तिळाची चटणी. ताटातून पुरेसं जात असेल तर डॉक्टर दोनची एक गोळी करतील. मुतखड्याचा त्रास झालेला असेल तर तेही त्यांना आधी सांगा.

काही लक्षणांना थांबायचं नसतं. एकच पोटरी सुजली, गरम आणि लाल झाली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की बरी होते, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. पायातली ताकद कमी झाली, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तरी ताबडतोब जा. रक्तदाबासाठी पाणी काढणारी गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तीही पोटरीतल्या गोळ्यांचं कारण असू शकते. तुमच्या पत्रात या औषधांचा उल्लेख नाही.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. आणि कागदावर लिहून न्या, कोणती गोळी किती वाजता, कशाबरोबर, किती महिन्यांपासून. कोणती औषधं घेता हे सगळे विचारतात, वेळ फारसं कोणी विचारत नाही. तुम्हीच सांगा. मुलालाही बरोबर घेऊन जा. डॉक्टरांनी घोट्यावर हातोडी मारली तर पाऊल परत कसं येतं, ते त्याला जवळून पाहू द्या.